जहाजावर टॅबचं नेट: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

क्रूझला निघालेल्या वाचकांकडून टॅबच्या नेटबद्दल बरेच प्रश्न आले. एकसारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. खिशाला सगळ्यांत मोठं भोक पाडणारा प्रश्न आधी घेतला आहे.

प्रश्न: माझ्या टॅबमध्ये सिम आहे. भर समुद्रातही मोबाईल नेटवर्कच्या रेघा दिसतात म्हणे. मग जहाजाचं वाय-फाय पॅकेज वेगळं कशाला घ्यायचं?

उत्तर: त्या रेघा किनाऱ्यावरच्या टॉवरच्या नसतात. जहाजातच छोटे मोबाईल अँटेना बसवलेले असतात आणि त्यांच्याकडे आलेला प्रत्येक कॉल, प्रत्येक मेसेज उपग्रहामार्फत जमिनीवर जातो. नेटवर्कचं नाव 'सेल्युलर ॲट सी' किंवा 'टेलिनॉर मेरिटाइम' असं काहीतरी दिसतं. कधी नावाऐवजी ९०१ ने सुरू होणारा आकडा दिसतो. ९०१ हा कुठल्याही एका देशाचा संकेतांक नाही, त्यामुळे तो दिसला की सावध व्हा. नेहमीच्या आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅकमध्ये जहाजावरचं नेटवर्क बहुधा धरलेलं नसतं. त्याचा हिशोब वेगळ्या दराने होतो आणि तो दर अंगावर येणारा असतो.

बिल येण्यासाठी तुम्ही टॅबला हात लावायचीही गरज नाही. बॅगेत पडल्या पडल्या तो मेल आणतो, फोटो चढवतो, ॲप अपडेट करतो.

म्हणून जहाजाची शिडी चढण्याआधीच एअरप्लेन मोड लावा आणि मग वाय-फाय हाताने पुन्हा चालू करा. एअरप्लेन मोड असतानाही वाय-फाय आणि ब्लूटूथ चालतात, हे अनेकांना ठाऊक नसतं. शिवाय सेटिंग्जमध्ये मोबाईल डेटा आणि डेटा रोमिंग ही दोन्ही बटणं बंद ठेवा. चूक होते ती पहिल्या दिवशी नव्हे, तिसऱ्या-चौथ्या दिवशी. बंदरावर उतरताना एअरप्लेन मोड काढला जातो आणि परत आल्यावर लावायचा राहतो. जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं, साधारण १२ सागरी मैल म्हणजे २२ किलोमीटर, की जहाजाचं मोबाईल नेटवर्क चालू होतं (काही देशांत ही हद्द वेगळी असते). तोवर तुम्ही गप्पांत रंगलेले असता.

टॅब फक्त वाय-फायचा असेल तर तुम्ही यातून सुटलात. खिशातल्या फोनला मात्र हेच सगळं लागू आहे.

प्रश्न: जहाजाचं नेट कधी झकास चालतं, कधी एक पान उघडायला मिनिट लागतं. पैसे तेवढेच, मग असं का?

उत्तर: दोन वेगळ्या गोष्टी 'वेग' या एकाच नावाखाली मोडतात: रस्ता किती रुंद आहे आणि किती लांब आहे.

आधी लांबी. जुन्या पद्धतीच्या जोडणीत सिग्नल ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर (जमिनीवरून एकाच जागी उभा दिसणाऱ्या) उपग्रहापर्यंत जातो आणि तिथून जमिनीवर उतरतो. तुमची विनंती एकदा वर-खाली, उत्तर पुन्हा एकदा वर-खाली, म्हणजे जवळपास १ लाख ४३ हजार किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेही यात अर्धा सेकंद जातो. आणि एक पान उघडायला टॅब एकदाच विचारत नाही. आधी पत्ता शोधतो, मग जोडणी करतो, मग कुलूपबंद (इतरांना वाचता न येणाऱ्या) संवादाची बोलणी करतो, आणि त्यानंतर पान मागतो. अशा चार फेऱ्यांत पहिलं अक्षर दिसायच्या आत दोन सेकंद संपलेले असतात. मोठं पॅकेज घेतलं तरी ही दिरंगाई कमी होत नाही, कारण ती अंतराची आहे.

मध्यम उंचीवरचे उपग्रह साधारण ८,००० किलोमीटरवर असतात. स्टारलिंकसारखे खालचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर असतात. २०२२ पासून मोठ्या क्रूझ कंपन्यांनी ही खालच्या उपग्रहांची जोडणी झपाट्याने घेतली, आणि जहाजावरचं नेट सुधारल्याचं जे ऐकू येतं त्याचं मुख्य कारण हेच. आपलं जहाज कशावर चालतं हे ओळखायचं असेल तर स्पीड टेस्टमधला 'पिंग' बघा, म्हणजे विनंती जाऊन उत्तर यायला लागलेले मिलिसेकंद. ५०० च्या वर असेल तर भूस्थिर, शंभर-दोनशेच्या आसपास असेल तर मधला, शंभराच्या आत असेल तर खालचा. चाचणी एकदाच करा, ती स्वतःच बराच डेटा खाते.

आता रुंदी. जहाजावरचे काही हजार लोक एकच पाईप वापरतात. दिवसभर समुद्रात असलेल्या दिवशी, दुपारी आणि संध्याकाळी तो तुंबतो. पहाटे मोकळा असतो. जहाज बंदरात असताना बहुतेक लोक उतरलेले असतात, तेव्हाही मोकळा असतो. मोठी फाईल पाठवायची असेल तर यातली एक वेळ साधा.

जागेचाही परिणाम होतो. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर असतात, त्यामुळे ध्रुवांकडे जावं तसे ते क्षितिजाकडे कलतात आणि ८१ अंश अक्षांशापलीकडे दिसतच नाहीत. नॉर्वेसारख्या ठिकाणी जहाज उंच कड्यांच्या चिंचोळ्या खाडीत शिरलं की दक्षिणेकडचं आकाश डोंगराआड जातं आणि नेटही जातं. जहाजाने वळण घेतल्यावर धुराडं अँटेनाच्या आड आलं तरी काही क्षण खंड पडतो. अशा वेळी टॅब रिस्टार्ट करत बसू नका, त्याचा काही दोष नसतो.

प्रश्न: आम्ही दोघे, दोन फोन आणि एक टॅब. एकाच यंत्राचं पॅकेज घ्यावं की तीन यंत्रांचं?

उत्तर: बहुतेक पॅकेजं 'एका वेळी किती यंत्रं' या हिशोबावर असतात. एकाचं पॅकेज घेऊन ते तीन यंत्रांत फिरवता येतं, फक्त एकावरून लॉगआउट केल्याशिवाय दुसरं आत येत नाही. नुसतं वाय-फाय बंद करणं म्हणजे लॉगआउट नव्हे. जहाजाच्या लॉगिन पानावर जाऊन ते बटण दाबावं लागतं. टॅबची बॅटरी संपली आणि लॉगआउट राहिलं, तर जागा अडून बसते आणि सर्व्हिस डेस्कवर जाऊन ती सोडवून घ्यावी लागते. म्हणून लॉगिन पानाचा पत्ता पहिल्याच दिवशी बुकमार्क करून ठेवा.

दिवसातून दोनदा मेल आणि मेसेज बघणाऱ्या जोडप्याला एकाचं पॅकेज पुरतं. दोघांनाही एकाच वेळी मोबाईलमध्ये डोकं घालायची सवय असेल तर दोघांचं घ्या. घरातली शांतता नेटपेक्षा महाग.

एक खाचखळगा सांगायलाच हवा. आयपॅड आणि नवे अँड्रॉइड टॅब खाजगीपणासाठी वाय-फायला आपला खरा हार्डवेअर पत्ता (मॅक) न देता बनावट पत्ता देतात. हा पत्ता मधेच बदलला की जहाजाची यंत्रणा त्याच टॅबला नवं यंत्र समजते: पुन्हा लॉगिन मागते किंवा 'यंत्रांची मर्यादा संपली' म्हणते. आयपॅडवर सेटिंग्ज, मग वाय-फाय, मग जहाजाच्या नेटवर्कसमोरचं गोलातलं 'आय' दाबा आणि 'प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस' हा पर्याय 'फिक्स्ड' किंवा 'ऑफ' करा. अँड्रॉइडवर नेटवर्कच्या तपशिलात 'प्रायव्हसी' खाली 'डिव्हाइस मॅक वापरा' असा पर्याय असतो. लॉगिन करण्याआधी हे करायचं, नंतर केलं तर तुम्हीच नवं यंत्र बनता. घरी परतल्यावर पूर्ववत करा.

पॅकेजच्या नावांवर जाऊ नका. 'सोशल', 'सर्फ', 'प्रीमियम' या शब्दांचा अर्थ जहाजागणिक बदलतो. विचारायचे प्रश्न तीन: व्हिडिओ कॉल चालतो का, व्हीपीएन (नेटची सगळी ये-जा कुलूपबंद करून दुसऱ्या वाटेने नेणारी सेवा) चालतं का, आणि डेटाला मर्यादा आहे का. प्रवासाआधी ऑनलाइन घेतलेलं पॅकेज जहाजावर घेण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडतं.

प्रश्न: वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण लॉगिनचं पान उघडतच नाही. डेस्कवर रांग असते. आपल्या आपण काय करता येईल?

उत्तर: लॉगिन पान उघडतं कसं, हे कळलं की दुरुस्ती सोपी होते. टॅब कुठलंतरी पान मागतो, जहाजाची यंत्रणा ती मागणी मधेच अडवते आणि त्या जागी स्वतःचं पान दाखवते. मागणी कुलूपबंद असेल किंवा दुसऱ्याच वाटेने जात असेल, तर तिला अडवता येत नाही. म्हणून पान येत नाही. तेव्हा या क्रमाने जा:

१. व्हीपीएन बंद करा. आयपॅडवर 'आयक्लाउड प्रायव्हेट रिले' चालू असेल तर तेही. जाहिराती अडवणारं ॲप असेल तर तेही.

२. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' शोधा आणि 'ऑफ' करा. कधीकाळी कुणीतरी त्यात एखाद्या सेवेचं नाव भरून ठेवलेलं असतं आणि सगळे ते विसरलेले असतात. हा दोष हमखास सापडतो.

३. ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम (neverssl.com) उघडा. ही साइट मुद्दाम बिनकुलूप ठेवलेली आहे, त्यामुळे तिची मागणी अडवता येते आणि लॉगिन पान समोर येतं. नेहमीच्या साइट या कामाला चालत नाहीत, कारण त्या आता कुलूपबंदच असतात.

४. तरीही नाही, तर 'फर्गेट नेटवर्क' करून पुन्हा जोडा.

५. टॅबची तारीख आणि वेळ बरोबर आहे का बघा. ती चुकली असेल तर सुरक्षित पानं प्रमाणपत्राची तक्रार करत उघडायचं नाकारतात.

एकदा आत गेलात की व्हीपीएन पुन्हा लावता येतं, पॅकेजमध्ये मुभा असेल तर. क्रम हाच, आधी लॉगिन, मग व्हीपीएन.

प्रश्न: मर्यादित डेटाचं पॅकेज घेतलं तर मी काही न बघताच दोन तासांत संपेल अशी भीती वाटते.

उत्तर: भीती रास्त आहे. टॅबच्या समजुतीप्रमाणे मोबाईल डेटा म्हणजे पैशाचा आणि वाय-फाय म्हणजे घरचं, फुकटचं. त्यामुळे 'फक्त वाय-फायवर' असं ठरवून दिलेली सगळी जड कामं तो जहाजाचं वाय-फाय मिळताच मोठ्या उत्साहाने सुरू करतो. त्याला हे वाय-फाय फुकटचं नाही, असं सांगावं लागतं.

आयपॅडवर जहाजाच्या नेटवर्कच्या त्याच गोलातल्या 'आय' मध्ये 'लो डेटा मोड' आहे, तो चालू करा. फोटोंचं आयक्लाउडवर चढणं, आपोआप होणारे अपडेट आणि पाठीमागची बरीच कामं त्याने थांबतात. अँड्रॉइडवर नेटवर्कच्या तपशिलात 'मीटर्ड' निवडा आणि डेटा सेव्हर चालू करा. एवढ्यावर विसंबू नका. गुगल फोटोजचा बॅकअप, ॲप स्टोअरचे अपडेट, व्हॉट्सॲपचं आपोआप मीडिया डाउनलोड आणि समाजमाध्यमांवर आपोआप चालणारे व्हिडिओ हे चारही त्या त्या ॲपमध्ये जाऊन हाताने बंद करा.

आकड्यांचा अंदाज असा. एक फोटो साधारण ३ एमबी. चढवण्याचा वेग १ एमबीपीएस मिळाला तर एका फोटोला २४ सेकंद, दोनशे फोटोंना ८० मिनिटं. नेटफ्लिक्सच्या हिशोबाने साध्या दर्जाचा व्हिडिओ तासाला १ जीबीपर्यंत खातो, एचडी ३ जीबीपर्यंत. त्यापुढे लिखित मेसेज म्हणजे काहीच नाही, काही केबींचा मामला. घरच्यांना रोज एक फोटो आणि चार ओळी पाठवायच्या असतील तर सर्वांत लहान पॅकेजही उरेल.

प्रश्न: फोन बंद ठेवून फक्त टॅबवर व्हॉट्सॲप चालेल का? आणि बँकेचा ओटीपी?

उत्तर: व्हॉट्सॲप चालेल, पण जोडणी घरीच करा. अँड्रॉइड टॅबवर हे आधीपासून होतं, आयपॅडसाठी स्वतंत्र ॲप २०२५ च्या मे महिन्यात आलं. टॅबवर ॲप उघडलं की चौकोनी कोड दिसतो. फोनच्या व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' मध्ये जाऊन तो स्कॅन करायचा. एका खात्याला अशी चार यंत्रं जोडता येतात. नंतर फोनला नेट नसलं तरी टॅब आपला आपण चालतो. मात्र फोनवर १४ दिवस व्हॉट्सॲप उघडलं गेलं नाही तर जोडलेली यंत्रं बाहेर फेकली जातात. लांबचा प्रवास असेल तर एखाद्या बंदरावर वाय-फाय मिळालं की फोनवरही एकदा व्हॉट्सॲप उघडा.

ओटीपीचं दुखणं मोठं आहे. एसएमएसने येणारा ओटीपी मोबाईल नेटवर्कवरून येतो आणि तुम्ही ते बंद केलेलं आहे. वाय-फाय कॉलिंग चालू असेल आणि जहाजाचं नेट ते अडवत नसेल, तर एअरप्लेन मोडमध्येही वाय-फायवरून एसएमएस येऊ शकतो. पण हे तुमच्या मोबाईल कंपनीवरही अवलंबून असतं, त्यामुळे आधी घरी एअरप्लेन मोड लावून स्वतःला एक एसएमएस मागवून बघा. जास्त भरवशाचा मार्ग ऑथेंटिकेटर ॲपचा. दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड टॅब स्वतःच तयार करतो, त्याला नेट लागत नाही. जिथे ही सोय आहे तिथे निघण्याआधी ती चालू करून ठेवा. गुगलसारख्या खात्यांत एकदाच वापरता येणारे दहा बॅकअप कोड मिळतात. ते कागदावर लिहून पासपोर्टजवळ ठेवा, टॅबमध्ये नको.

आणखी एक गोष्ट. जहाजाचं नेट ज्या देशातल्या भूकेंद्रावर (उपग्रहाच्या जमिनीवरच्या अँटेनावर) उतरतं, त्या देशातून तुम्ही आलात असं वेबसाइटला वाटतं. तुम्ही कधी पाय न ठेवलेल्या देशातून लॉगिन झालं की बँकेचं खातं अडतं. बिलं भरणं, पैसे वळते करणं वगैरे निघण्याआधी उरका.

प्रश्न: लाउंजमध्ये नेट पळतं, केबिनमध्ये रांगतं. का?

उत्तर: केबिनच्या भिंती आणि दारं पोलादी असतात. तुम्ही एका डब्यात बसलेले असता. बऱ्याच जहाजांवर वाय-फायचे डबे (सिग्नल सोडणारी यंत्रं) कॉरिडॉरच्या छतात असतात आणि सिग्नल मुख्यतः दाराकडून आत शिरतो. टॅब दारापाशी, बाथरूमच्या भिंतीला आड न येऊ देता ठेवा. बाल्कनी सर्वांत वाईट जागा, कारण मधे आख्खी खोली येते. नव्या जहाजांवर प्रत्येक केबिनमध्येच डबा असतो, त्यांना हे लागू नाही.

चालत चालत लाउंजपासून केबिनपर्यंत आलात तर टॅब अनेकदा लांबच्या, क्षीण झालेल्या डब्यालाच चिकटून राहतो. वाय-फाय एकदा बंद-चालू करा, तो जवळचा पकडतो.

प्रश्न: एक ऑफिसची मीटिंग टाळता येत नाही. टॅबवरून व्हिडिओवर बसता येईल?

उत्तर: खालच्या उपग्रहांवर चालणारं जहाज असेल आणि वरच्या दर्जाचं पॅकेज असेल तर हो. भूस्थिर उपग्रह असेल तर नुसता आवाज ठेवा. बोलण्याला १०० केबीपीएसच्या आत भागतं, व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट लागतं. अर्ध्या सेकंदाच्या दिरंगाईमुळे दोघेही एकदम बोलायला लागतात आणि दोघेही एकदम थांबतात. 'झालं' म्हणून वाक्य संपवायची पद्धत आधीच ठरवून घ्या. सादरीकरणाची फाईल आदल्या दिवशी पहाटे मेल करा आणि पडद्यावर दाखवायचं काम जमिनीवरच्या सहकाऱ्याकडे द्या.

प्रश्न: टॅबचं घड्याळ जहाजाच्या घड्याळाशी जुळत नाही.

उत्तर: जहाज स्वतःची वेळ पाळतं आणि ती बंदराच्या स्थानिक वेळेपेक्षा वेगळी असू शकते. टॅब मात्र आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधून वेळ बदलतो. परत यायची वेळ जहाजाच्या घड्याळावर दिलेली असते, आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

दुरुस्ती करताना एक पथ्य पाळा. आकडे पुढे-मागे करू नका, टाइम झोन बदला. अँड्रॉइडवर 'ऑटोमॅटिक टाइम झोन' तेवढं बंद करा, 'ऑटोमॅटिक टाइम' चालू राहू द्या. आयपॅडवर आपोआप वेळ लावणं बंद केल्यावर फक्त टाइम झोनच्या ओळीत जहाजाच्या वेळेशी जुळणारं शहर निवडा. आकडे हाताने सरकवले तर टॅबच्या मते जगाची वेळच तासाभराने सरकते. मग वर सांगितलेले ऑथेंटिकेटरचे कोड चुकीचे ठरतात आणि सुरक्षित साइट रुसतात.

प्रश्न: बंदरावर उतरल्यावर नकाशासाठी काय करावं? ई-सिम जहाजावरही चालेल का?

उत्तर: ई-सिम (कार्ड न घालता टॅबमध्ये उतरवून घ्यायचं सिम) किनाऱ्याच्या टॉवरवर चालतं, म्हणजे बंदरात आणि किनारा जवळ असेपर्यंत. भर समुद्रात ते शोभेचं. ते टॅबमध्ये बसवायला नेट लागतं, म्हणून घरीच बसवा. त्याआधी मुदत कधी सुरू होते ते वाचा. काहींची बसवल्या क्षणी सुरू होते, काहींची पहिल्यांदा नेटवर्क मिळाल्यावर.

फक्त वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. नकाशा उतरवून ठेवला तरी निळा ठिपका तुमच्याबरोबर चालणार नाही. सिमच्या आयपॅडमध्ये जीपीएस असतं आणि ते सिम न घालता, एअरप्लेन मोडमध्येही चालतं. अँड्रॉइड टॅबमध्ये मॉडेलनुसार फरक आहे, विकत घेतानाच्या तपशिलात बघा.

गुगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा गाडीचा रस्ता दाखवतो, पायी चालण्याचा दाखवत नाही. बंदरावर तर पायीच हिंडायचं असतं. त्यासाठी ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड ही ॲप बरी, त्यांत पायवाटही ऑफलाइन मिळते.

प्रश्न: केबिनमधल्या यूएसबीला रात्रभर लावूनही टॅब पूर्ण भरत नाही. एक्स्टेंशन बोर्ड न्यावा का?

उत्तर: जुन्या केबिनमधली चौकोनी यूएसबी ५ व्होल्ट, १ अँपिअर म्हणजे ५ वॉट देते. साध्या आयपॅडची बॅटरी साधारण २८.६ वॉट-तासांची. भागाकार केला तर पावणेसहा तास, गळती धरून सातच्या पुढे, तेही पडदा बंद असेल तर. टॅबचा स्वतःचा २० वॉटचा चार्जर भिंतीच्या सॉकेटला लावा. त्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर जहाजावरच्या ११० आणि २२० व्होल्टच्या दोन्ही तऱ्हांच्या सॉकेटवर तो चालतो, फार तर पिनांचा अडॅप्टर लागेल. केबिनमधली वीज दाराजवळच्या खाचेत कार्ड घातल्यावरच चालू होत असेल, तर तुम्ही बाहेर पडताच चार्जिंगही थांबतं, हेही तपासा.

सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब रोखणारी सोय) असलेला बोर्ड अजिबात नेऊ नका, तपासणीत काढून घेतात. कारण खरं आहे. घरच्या वायरिंगमध्ये एक तार जमिनीशी बांधलेली असते, तर बऱ्याच जहाजांवर दोन्ही तारांत जहाजाच्या सांगाड्याच्या तुलनेत व्होल्टेज असतं. घरगुती बोर्ड बिघाड झाल्यावर एकच तार तोडतो, दुसरी जिवंत राहते, बोर्ड तापतो आणि आग लागू शकते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये याबद्दल खास इशारा काढला होता. सर्ज प्रोटेक्टर नसलेला, नुसत्या यूएसबी तोंडांचा चार्जर सहसा चालतो.

प्रश्न: स्वतःचा छोटा राउटर किंवा स्टारलिंकची छोटी तबकडी नेली तर?

उत्तर: अनेक क्रूझ कंपन्यांच्या बंदी असलेल्या वस्तूंच्या यादीत या दोन्ही गोष्टी आहेत. आधी यादी वाचा. तबकडी केबिनमधून आकाश बघणार तरी कसं, हा पुढचा प्रश्न.

प्रश्न: पॅकेज घ्यायचंच नाही असं ठरवलं तर टॅबचा काय उपयोग?

उत्तर: भरपूर. जहाजाचं स्वतःचं ॲप बहुतेक ठिकाणी पॅकेजशिवाय, नुसत्या जहाजाच्या वाय-फायवर चालतं: कार्यक्रम, नकाशा, बुकिंग. काहींवर सहप्रवाशांशी गप्पांची सोयही असते. ॲप घरूनच उतरवून, लॉगिन करून ठेवा.

सिनेमे आणि पुस्तकं उतरवताना मुदतीकडे लक्ष द्या. काही सिनेमे एकदा सुरू केले की ४८ तासांत बंद पडतात आणि पुन्हा चालू करायला नेट मागतात. 'सहज बघू' म्हणून पाच मिनिटं लावलेला सिनेमा दोन दिवसांनी उघडत नाही तो यामुळे. गुगल डॉक्समधल्या फाईली, भाषांतराच्या ॲपमधल्या भाषा आणि तिकिटांच्या पीडीएफ यांना 'ऑफलाइन' अशी खूण वेगळी करावी लागते.

निघण्याच्या आदल्या रात्री वाय-फाय बंद करा, एअरप्लेन मोड लावा, टॅब रिस्टार्ट करा आणि एकेक गोष्ट उघडून बघा. जी उघडत नाही ती तेव्हाच दुरुस्त होते.

प्रश्न: डेकवर वाचता वाचता टॅब काळा पडला आणि थर्मामीटरचं चित्र आलं.

उत्तर: बिघडला नाही, तापला. आयपॅड ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेला आहे. उन्हात गडद कव्हरसह ठेवला की तो बघता बघता त्यापलीकडे जातो, चार्जिंगला लावलेला असेल तर आणखी लवकर. बंद पडण्याआधी पडदा मंद होतो, तोच इशारा. कव्हर काढा, चार्जर काढा, सावलीत वारा लागेल असा ठेवा. केबिनमधल्या छोट्या फ्रिजमध्ये घालू नका. बाहेर काढल्यावर दमट हवेतलं पाणी त्याच्या आत साचतं, आणि मग चार्जिंगच्या तोंडात ओल असल्याची सूचना येत राहते.